कलेक्टरिणीची तहान

मालनने खुराड्याचं दार उघडलं तरी कलेक्टरीण उठली नाही.

एरवी कडी वाजायच्या आधीच ही बया जाळीला चोच लावून उभी असायची. खाणं दोन मिनिटं उशिरा आलं की असा काही आरडाओरडा करायची, की शेजारच्या सर्जेराव बाबरांनी तिचं नावच कलेक्टरीण ठेवलं होतं. पायात सरकारी कडं, नावाची सरकारी फाइल, तपासायला दर महिन्याला डॉक्टर घरी. नाव शोभतही होतं. आज मात्र ती कोपऱ्यात पंख पसरून बसली होती. चोच उघडी, चोचीतून पाण्याची तार लोंबलेली, तुरा जांभळा पडलेला. खाली विष्ठा नव्हती, नुसतं पाणी होतं. आणि पायातल्या कड्यावरचा हिरवा दिवा नारिंगी झाला होता.

मालनने तिला उचलायला हात घातला, तेवढ्यात कट्ट्यावरचा फोन आपणहून बोलू लागला.

"पक्षी क्रमांक चारशे बारा. श्वास, आवाज आणि तुरा यांवरून पक्षीतापाची शक्यता एकाहत्तर टक्के. आता सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली आहेत. पथक बारा वाजून दहा मिनिटांनी पोहोचेल. पक्षी घराबाहेर हलवू नये."

आवाज बाईचा होता, आणि इतका गोड की ऐकणाऱ्याला वाटावं, हळदीकुंकवाचं बोलावणं आलंय.

दिगंबर तारळेकर, म्हणजे तिचा नवरा, आत खिडकीपाशी पलंगावर बसलेला होता. सव्वीस वर्षं त्याने विट्याच्या यंत्रमागांवर काढली. कापसाच्या तुसाने छातीची पार चाळण झाली होती, त्यात तीन वर्षांपूर्वी एक जंतू येऊन मुक्काम ठोकून बसला. कुठल्याच औषधाला तो दाद देईना. उपाय सापडला तो कोंबडीकडे. कोंबडीच्या अंगाला एखाद्या जंतूची ओळख झाली, की त्याच्याशी लढणारी द्रव्यं ती एकटीपुरती ठेवत नाही, पुढच्या पिल्लाची शिदोरी म्हणून अंड्याच्या बलकात भरून देते. डॉक्टरांनी त्याचाच फायदा घेतला. दिगंबरच्या थुंकीतला जंतू काढायचा, मारायचा, आणि त्याची लस एका कोंबडीला टोचायची. दोन-तीन आठवड्यांत तिच्या बलकात नेमका दिगंबरच्याच जंतूवरचा उतारा तयार होतो. जेवणाच्या डब्याएवढ्या एका यंत्रात तो बलक घातला की त्यातलं कामाचं तेवढं वेगळं निघतं आणि धुकं होऊन मास्कमधून छातीत जातं. रोज एक अंडं, की दिगंबरचा एक दिवस निभावला.

हे सगळं एका माणसाला एक कोंबडी असं होतं. दुसऱ्याची कोंबडी चालत नाही, कारण प्रत्येकाच्या छातीतला जंतू वेगळ्या वळणाचा. अंडी साठवूनही भागत नाही, कारण मेला रूप बदलतो. गेल्याच महिन्यात त्याने रूप बदललं होतं, म्हणून कलेक्टरिणीला नवी लस दिली होती. जुनी अंडी संपवता संपवता नव्या उताऱ्याची चार अंडी फ्रिजमध्ये जमली होती. नवी कोंबडी मिळवून, लस टोचून तयार करायची तर सहा आठवडे लागणार. इकडे चार दिवस आणि तिकडे सहा आठवडे. मालन सातवीत शाळा सोडून शिवणकामाला लागलेली बाई, पण हे गणित तिला बसल्याजागी सुटलं.

पथकाचं तर विचारूच नका. पक्षीतापाच्या दुसऱ्या साथीत माणसंही पटापट गेली, तेव्हापासून कायदा कडक झाला होता. हा ताप पहिल्या दिवशी कुठल्याच तपासणीत उमटत नाही, आणि उमटतो तोवर गावभर झालेला असतो. म्हणून आता वाट बघतच नसत. खुराड्यातल्या यंत्राने शंका घेतली की चार तासांची मुदत. तेवढ्यात आजाराचं दुसरं कारण पुराव्यानिशी दाखवता आलं तर ठीक, नाहीतर एक किलोमीटरच्या आतला पंख असलेला प्रत्येक जीव संपवायचा. कलेक्टरीण अर्थातच पहिली.

"काय गं, काय झालं?" मागून हौसाक्का आली. दिगंबरची थोरली बहीण, मालनची नणंद. नवरा वारल्यावर तीन वर्षांपूर्वी भावाकडे आली ती इथलीच झाली. मनाने वाईट नव्हती, पण मालनचं आणि तिचं एक दिवस धड पटलं नव्हतं.

"डोळं हायत न्हवं? बगा की!" मालन खेकसली.

हौसाक्काने वाकून पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. मग एक अक्षर न बोलता आत निघून गेली. मालनला त्यात काही वावगं वाटलं नाही. वन्संचं असंच, असं म्हणून तिने डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर शमा नायकवडी विट्याहून स्कूटरवर निघाल्या. त्या येईपर्यंत सर्जेराव बाबर येऊन थडकले. त्यांच्या मळ्यात तीनशे गावरान कोंबड्या होत्या आणि फोन त्यांनाही आला होता.

"वैनी, माज्या तीनशे जातील," ते फाटकाबाहेरूनच म्हणाले. "रागावू नगा, पर तुमच्या एकीपायी माजा समदा धंदा बसतोय. तिच्या पायातलं कडं काढा आन् तिला टाका हिरीत. कोण बगतंय?"

मालनच्या मनात हे आलं नव्हतं असं नाही. पण कड्याला नाडी कळते. पाय सुटला की दहा सेकंदांत तिकडे वर्दी जाते आणि मग पथक चार तास थांबत नाही.

"भावजी, डॉक्टर येतायत. तवर कळ काढा," ती म्हणाली, आणि आपला आवाज एवढा स्थिर कसा याचं तिलाच नवल वाटलं.

आतून दिगंबरने विचारलं, "मालन... कलेक्टरीण... ओरडली न्हाई आज?" चार शब्दांमागे एक श्वास, असं त्याचं बोलणं झालं होतं.

"झोपलीय," मालनने सांगितलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. खोटं बोलल्याचं त्याला कळलं, आणि कळल्याचं तिलाही कळलं.

पावणेदहाला डॉक्टर आल्या. तिशीच्या आतबाहेरची, चष्म्याखाली मास्क चढवलेली, बोलण्यात फाफटपसारा नसलेली मुलगी. त्यांनी कलेक्टरिणीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं. आधी गळ्याखालची पिशवी दाबून पाहिली. हाताला गाठ लागेना, नुसतं पाणी डचमळत होतं. मग बोट घालून अंडं आत अडकलंय का ते पाहिलं. तसंही नव्हतं. पंखाखाली तापमापी धरली.

"ताप नाही," त्या पुटपुटल्या. "पक्षीतापात पहिल्या दिवशी अंग तव्यासारखं तापतं. हिला ताप नाही, आणि तहान बघा कशी लागलीय."

खरंच होतं ते. डॉक्टरांच्या बाटलीचं टोपण चमकलं तरी कोंबडी मान ताणून त्याच्याकडे झेपावत होती. मालनने पटकन पाण्याचं भांडं पुढे केलं.

"थांबा!" डॉक्टर एवढ्या जोरात ओरडल्या की मालनच्या हातून भांडं निसटलं. "पाणी द्यायचं नाही. अजून नाही."

डॉक्टरांनी कोंबडीच्या पायाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काढून हातातल्या यंत्रावर सोडला. आकडा दिसला तसा त्यांनी पुन्हा एक थेंब काढून खात्री करून घेतली.

"मीठ," त्या म्हणाल्या. "हिच्या रक्तात मीठ भलतंच वाढलंय. मालनताई, काय खाल्लंय हिने?"

"तुमी दिल्याली भुकटी. बाकी दाणा सुदिक न्हाई. खडासुदिक न्हाई. कागदावर लिवलंय तसंच." 

डॉक्टरांनी भुकटी पाण्यात कालवून तपासली. भुकटी ठीक होती. पाण्याची टाकी तपासली, तीही ठीक होती. घड्याळात साडेदहा वाजले.

"मिठाचा आकडा त्यास्नी दावला तर पथक थांबंल न्हवं?" मालनने विचारलं.

"नुसत्या आकड्यावर नाही थांबणार. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं तरी मीठ वाढल्यासारखं दिसतं, आणि जुलाब पक्षीतापातही होतात. मीठ आलं कुठून ते दाखवावं लागेल. फोटो काढून, जागेसकट." डॉक्टरांनी मास्क थोडा खाली केला. "आणि आपल्याला ते पटकन शोधायला हवं. तिचा मेंदू मिठाने आक्रसलाय. अशा वेळी भरपूर पाणी पाजलं तर तेच पाणी मेंदूत घुसून तो सुजतो, आणि कोंबडी दहा मिनिटांत जाते. वीस मिनिटांनी एक चमचा पाणी द्यायचं, तेवढंच. कितीही तडफडली तरी एका चमच्यावर थेंब जास्त नाही."

मालनने सगळं घर उलथंपालथं केलं. मिठाची बरणी जागेवर, लोणच्याची जागेवर, पापडाचा डबा माळ्यावर. परसात ती जाळीभोवती गुडघ्यांवर रांगत फिरली. पुढच्या बाजूला काही नव्हतं. खुराड्याच्या मागे, भिंत आणि जाळीच्या मधे, हातभर रुंदीची एक बोळकांडी होती. तिथे सहसा कुणी जात नसे. मालनने आत डोकं घातलं.

ओलसर मातीत बोटभर उंचीची हिरवी रोपं उगवलेली होती. दोन दोन गोल पानांची. त्यांच्यात लाल मिरचीची देठं पडली होती. आणि जाळीच्या अगदी कडेला, कोंबडीची मान बाहेर येईल एवढ्या अंतरावर, चार-पाच खडे चमकत होते. तिने एक उचलून जिभेवर ठेवला.

खडेमीठ होतं. आणि रोपं होती मोहरीची. मीठ, मोहऱ्या, मिरच्या. हे तीन जिन्नस एका जागी कशासाठी येतात ते महाराष्ट्रात कुणी कुणाला शिकवावं लागत नाही.

मालन तशीच मातीच्या हातांनी आत गेली. हौसाक्का स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून तिने चहासुद्धा घेतलेला दिसत नव्हता.

"वन्सं, कोंबडीची दिष्ट काढलीसा तुमी?"

हौसाक्का पदराचं टोक पिळत राहिली.

"अवो, मी इचारतीय! माज्या मालकाचा जीव टांगलाय तितं, आन् तुमी सकाळधरनं तोंड शिवून बसलाय?"

"काल अवस हुती गं," हौसाक्का खाली बघत म्हणाली. "सर्जेराव म्हणला, काय चकाकती तुमची कलेक्टरीण, माज्या तीनशेत अशी एक न्हाई. माज्या काळजात चर्र झालं. दिगूचा जीव हाय त्या अंड्यात. कुणाची नजर लागली तर? म्हणून मूठभर घेतलं आन् सातदा उतरवलं. दर मंगळवारी चिमूटभर उतरवतीच हुती मी. काल मोठी मूठ घेतली."

"आन् टाकलं कुटं? कोंबडीच्या तोंडाफुडं?"

"मग कुटं टाकू?" हौसाक्काने पहिल्यांदाच मान वर केली. "पैलं चुलवणात टाकत हुती, जळून जायाचं. तू चुलवण फोडलंस. धुरानं दिगूला तरास हुतो म्हणलीस, बरोबरच हाय तुजं. आता घरात इस्तू म्हणून ऱ्हायला न्हाई, समदं बटणावर. रस्त्यावर टाकावं तर कुणाच्या तरी पायाखाली येतंय, त्येचं पाप कुणी घ्यावं? जितं कुणाचा पाय पडत न्हाई तितं टाकलं. कोंबडी मीठ खाती हे मला काय ठावं?"

दारात डॉक्टर उभ्या होत्या. "कोंबडी मीठ म्हणून खात नाही, मावशी," त्या हळू म्हणाल्या. "तिला दात नसतात. पोटातल्या पाथरीत ती खडे साठवते आणि दाणा त्यांच्यावर दळते. आमच्या भुकटीला दळायची गरज नाही म्हणून आम्ही खडे बंद केले. पण तिची ओढ कशी बंद होणार? तिला जाळीतून खडे दिसले आणि तिने ते टिपले. इतकंच झालंय."

म्हणजे चुलवण मालनने फोडलं, खडे डॉक्टरांनी बंद केले, आणि मीठ टाकलं हौसाक्काने. तिघींनीही दिगंबरच्या भल्यासाठीच केलं होतं. पण फोनमधल्या त्या गोड बाईला हे कोण समजावणार? अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

डॉक्टरांनी फोटो काढले, खडे पिशवीत घातले, रक्ताचा आकडा जोडला आणि हरकतीचा अर्ज उघडला. मग त्या थांबल्या.

"मालनताई, आता नीट ऐका. कारण लिहिलं की खाली दुसरा रकाना येतो. कुणाच्या हातून झालं? ते भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. तुम्ही सांभाळणाऱ्या म्हणून नोंद आहे. तुमचं नाव घातलं तर निष्काळजीपणा धरून कोंबडी काढून नेतील. दुसऱ्या कुणाचं घातलं तर कोंबडी राहते, पण त्या माणसाला तिच्यापासून पन्नास मीटरच्या आत राहता येत नाही. आज संध्याकाळी सहापासून."

"किती दिवस?" मालनने विचारलं.

"ही कोंबडी आहे तोवर. ही गेली तर पुढची आहे तोवर."

तीन वर्षांत मालनने मनातल्या मनात कितीदा म्हटलं असेल, ही बाई जाईल तर बरं. भांडी घासताना, शिलाईची सुई बोटात घुसताना, दिगंबर आपलं ऐकायचं सोडून आक्काचं ऐकायचा तेव्हा. आज एका बोटाने ते होणार होतं. बोट मात्र उचलेना.

आतून दिगंबरचा आवाज आला. भिंती पातळ होत्या, त्याने सगळं ऐकलं होतं. "आक्का... तुजं नाव... देऊ नगंस. मी बगतो... माजं."

"गप," हौसाक्का तिथूनच ओरडली. "मास्क लाव तोंडाला. म्हणं मी बगतो! आईमागं मी वाढीवला तुला, मी बगतोवाला आलाय मोठा." मग ती मालनकडे वळली. तिच्या आवाजात ना राग होता ना रडू. "लिव. हौसाबाई नामदेव रोकडे. आन् अंगठा लागत आसंल तर सही करती म्हणावं. मला सही येती."

मालनने नाव लिहिलं. अकरा वाजून एकेचाळीस मिनिटांनी अर्ज गेला. फाटकापाशी सर्जेराव बसून होते. बारा वाजून सहा मिनिटांनी पथकाची पांढरी गाडी गल्लीच्या तोंडाशी दिसली, आतली माणसं झगे चढवत होती, तेव्हा कुठे फोन बोलला.

"हरकत नोंदवली आहे. कारवाई सायंकाळी पाचपर्यंत स्थगित. पाच वाजता पक्षी जिवंत आणि पायांवर उभा असल्यास सूचना मागे घेतली जाईल. अन्यथा कारवाई होईल."

गाडी तिथेच थांबली. पाचपर्यंत ती हलणार नव्हती.

आता सगळं त्या चमच्यावर आलं. डॉक्टरांना दुसऱ्या गावचा फोन आला होता, त्या पाचला येते म्हणून गेल्या. जाताना मालनला बजावून गेल्या, की बोळकांडीतली वीतभर माती उकरून बाहेर काढा, एक खडा राहता कामा नये. दिगंबरच्या धुक्याची वेळही झाली होती. हात दोन आणि कामं तीन. मालनने घड्याळ हौसाक्कापुढे ठेवलं.

"वीस मिन्टांनी एक चमचा. जादा न्हाई. ती मेली तरी जादा न्हाई, कारण जादा दिलं तरच मरंल. जमंल?"

"जमंल," हौसाक्का म्हणाली.

मालनला विश्वास नव्हता. ह्या बाईने आयुष्यात दारचं कुत्रं तहानलेलं परत पाठवलं नव्हतं. उन्हाळ्यात पोस्टमनला पाणी दिल्याशिवाय ती पत्र घेत नसे. तिच्याच मांडीवर आज पाण्यासाठी तडफडणारा जीव होता, आणि बाजूला पाण्याने भरलेला तांब्या. पण इलाज नव्हता.

मालनने अंडं फोडून यंत्रात घातलं, तासाभराने दिगंबरच्या तोंडाला मास्क लावला, पाठ चोळली, आणि फावडं घेऊन बोळकांडीत शिरली. उन्हाने भिंत तापली होती. ती माती उकरत होती आणि कान मागे लावून ऐकत होती. कलेक्टरिणीचा आवाज येत होता, घशातून निघणारा, घरघरता. मधेच तो चिरका व्हायचा, तेव्हा मालन फावडं थांबवायची. मग पुन्हा घरघर.

तीनच्या सुमाराला आवाज बंद झाला.

मालन फावडं टाकून धावत आली. कोंबडीची मान हौसाक्काच्या मनगटावरून खाली लोंबत होती, डोळे मिटलेले. आणि शेजारचा तांब्या रिकामा होता. पार कोरडा.

"वन्सं!" मालनच्या तोंडून किंकाळीच निघाली. "पाजलंसा? समदं पाजलंसा? मारलंसा माज्या मालकाला!"

ती हौसाक्काच्या अंगावर धावून गेली. हौसाक्का जागची हलली नाही, हलली असती तर कोंबडीची मान आपटली असती.

"न्हाई गं पाजलं. वतलं मी त्ये. तकडं बग."

अंगणात पावलाएवढा ओला डाग होता, उन्हाने कडेकडेने वाळत आलेला.

"ती तांब्याकडं बगायची आन् मग माज्याकडं बगायची," हौसाक्का म्हणाली. आता मात्र तिचे डोळे वाहत होते, आणि हात गुंतलेले असल्यामुळे पुसताही येत नव्हते. "दोनदा माजा हात गेला तांब्याला. तिसऱ्यांदा गेला असता तर मी दिलं असतं, मला ठावं हाय मी कशी हाय. म्हणून वतून टाकलं. आता तूच चमच्यापुरतं आणत जा, मालन. माज्याजवळ पाणी ठिवू नगंस."

मालनने कोंबडीच्या छातीला हात लावला. आत भराभर, पण नीट काहीतरी धडधडत होतं. कलेक्टरीण झोपली होती. मालनला तिथेच, दारात, नणंदेच्या पायाशी बसावंसं वाटलं आणि ती बसली. थोड्या वेळाने उठून तिने आधी हौसाक्काचे डोळे आपल्या पदराने पुसले, मग चमचा भरून आणायला गेली. त्यानंतर प्रत्येक वीस मिनिटांनी ती स्वयंपाकघरातून एक चमचा दोन्ही हातांनी सांभाळत आणायची, आणि हौसाक्का चोच धरायची. दोघींनी एवढा वेळ मिळून एक काम केल्याचं दिगंबरने खिडकीतून प्रथमच पाहिलं.

पाचला दहा कमी असताना पथकातला माणूस झगा घालून फाटकात येऊन उभा राहिला. डॉक्टर आल्या. हौसाक्काने कलेक्टरिणीला जमिनीवर ठेवलं. ती डुलली. एक पाय घसरला. सर्जेरावांनी फाटक घट्ट धरून ठेवलं. मग तिने पंख आवरले, दुसरा पाय रोवला, आणि समोर आलेल्या त्या झगेवाल्याच्या हातमोज्यावर सणसणीत चोच मारली.

डॉक्टर हसल्या. कड्याचा दिवा आधी पिवळा, मग हिरवा झाला. गल्लीच्या तोंडाशी गाडी चालू झाल्याचा आवाज आला.

"पाच-सहा दिवस अंडं देणार नाही ही," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्याकडे तीन उरलीत, अर्धं अर्धं करून सहा दिवस काढा. यांना त्रास होईल, पण निभेल. रात्रीपर्यंत चमचा चालू ठेवा. खडे मी उद्या आणून देते, नदीतले. ते खाऊ द्या तिला पोटभर." मग हौसाक्काकडे न बघता त्या म्हणाल्या, "आणि मावशी, साडेपाच वाजलेत."

हौसाक्का आत गेली. तिचं सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी. बस साडेसहाला होती, खानापूरला तिची दूरची पुतणी राहत होती, आणि ती दारात उभं करील का नाही हे हौसाक्कालाही माहीत नव्हतं. ती भावाच्या पलंगापाशी गेली तेव्हा दिगंबरने नुसता तिचा हात धरला. मास्क लावलेला होता, बोलायची सोय नव्हती.

मालन घरात नव्हती. ती फोन हातात घेऊन गल्लीत चालत होती. पडद्यावर तिच्या घराभोवती लाल गोल होता आणि ती त्या गोलाच्या आत एक ठिपका. ती पूर्वेला गेली, ठिपका आत. वळून मळ्याच्या वाटेला लागली. सर्जेरावांच्या बंद पडलेल्या यंत्रमागाच्या खोलीशी पोचली तेव्हा ठिपका हलकेच गोलाबाहेर पडला. तिने खात्री करायला पुन्हा दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, पुन्हा पुढे आली.

"भावजी," तिने हाक मारली. "ह्या खोलीची किल्ली द्या."

"आत कबुतरं हायत वैनी, छप्पर गळतंय," सर्जेराव म्हणाले. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि किल्ली आणायला गेले. कबुतरांना हाकलायला, केर काढायला तेही लागले. आपल्याच तोंडून काल निघालेलं कौतुक त्यांना बहुधा टोचत असावं.

सहाला पाच कमी असताना मालनने नणंदेची पेटी स्वतः उचलून त्या खोलीत नेऊन ठेवली. खाट टाकली. हौसाक्का उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

"मी खानापूरला जाती की गं," ती म्हणाली. "माजा ताप तुला कशाला?"

"जेवान दोन वक्ताला मी आणून देईन. त्यास्नी चालायला जमलं की रोज हितं पाठवीन," मालन म्हणाली. "तुमी कुटं जायाचं न्हाई." एवढं बोलून ती भराभर पावलं टाकत घराकडे निघाली.

घरी पोचल्यावर कोंबडीला उचलून घेतलं, दिगंबरचं पांघरूण नीट केलं, दिवा लावला, उरलेली अंडी मोजली. हे सगळं करता करता ती वेळ विसरली. कलेक्टरीण तिच्या काखेत मान ताणून घरघर करू लागली होती.

तेवढ्यात मळ्याच्या बाजूने हाक आली. म्हाताऱ्या गळ्यातली, पण पन्नास मीटर ओलांडून आलेली.

"मालन! ईस मिन्टं झाली गं!"

"देती, वन्सं!" मालन ओरडली, आणि चमचा भरायला आत धावली.